‘ऑरेंज’चा नकाशा: एका शब्दाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी त्रैमासिकाने रोजच्या वापरातल्या शब्दांवर सदर सुरू केले होते. दर अंकात एक शब्द घ्यायचा, तो कुठून आला आणि कुठे कुठे पोचला हे सांगायचे आणि मधल्या जोडपानावर त्याचा नकाशा छापायचा. हिवाळी अंकासाठी संत्रे निवडले गेले. हंगाम संत्र्यांचा होता, चित्राला रंग आयता मिळणार होता, आणि इंग्रजी ‘ऑरेंज’चे आपल्या ‘नारिंगा’शी नाते आहे हे बऱ्याच पालकांनी कुठेतरी वाचलेले असते. त्रैमासिकाचे आणि त्यातल्या माणसांचे नाव इथे देत नाही. छापण्याआधी मजकूर तपासायचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पुढचे सगळे जवळून पाहायला मिळाले.

पहिल्या मसुद्यात एकच लांबलचक बाण होता. संस्कृत ‘नारंग’, तिथून फारसी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, स्पॅनिश ‘नारांहा’, फ्रेंच ‘ओरांज’ आणि शेवटी इंग्रजी ‘ऑरेंज’. शीर्षक होते ‘संत्र्याला युरोपात काय म्हणतात?’ बाजूला दोन चौकटी होत्या. पहिलीत लिहिले होते की इंग्रजीत आधी ‘अ नॉरेंज’ म्हणत, बोलता बोलता ‘न’ मागे सरकला आणि ‘ॲन ऑरेंज’ झाले. दुसरीत होते की आपण युरोपला ‘नारंग’ दिले आणि पोर्तुगालने आपल्या सिंत्रा गावावरून आपल्याला ‘संत्रे’ दिले.

मसुद्याचा गाभा खरा होता, हे आधी सांगायला हवे. अरबांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास सिसिलीत आणि स्पेनमध्ये नारिंगाची झाडे लावली आणि फळाबरोबर नावही पोचले. स्पॅनिश ‘नारांहा’, पोर्तुगीज ‘लरांझा’, क्रोएशियन ‘नारांचा’, हंगेरियन ‘नॉरॉन्च’ ही सगळी त्याच घरची भावंडे. इटालियनमध्ये ‘अरांचा’ झाले, पण व्हेनिसच्या बोलीत ‘नरांसा’ म्हणून मूळचा ‘न’ टिकून राहिला.

अडचण कुठे आली

चित्रकाराने युरोप रंगवायला घेतला तेव्हा अडचण दिसली. मसुद्यातल्या बाणाने स्पेन, फ्रान्स, इटली आणि ब्रिटन रंगले, आणि बाकीचा अर्ध्याहून जास्त नकाशा कोराच राहिला. त्याने संपादकांना फोन केला. “ताई, रशियाला कुठला रंग देऊ? तिथं ऑरेंज म्हणतच नाहीत.”

रशियात ‘अपेल्सीन’ म्हणतात. स्वीडनमध्ये ‘आपेलसीन’, आइसलँडमध्ये ‘आपेलसीना’, फिनलंडमध्ये ‘आप्पेलसीनी’, उत्तर जर्मनीत ‘आप्फेलझीने’. नेदरलँड्समध्ये तेच दोन तुकडे उलट क्रमाने येतात, ‘सिनासआपल’. या सगळ्यांचा अर्थ एकच, चीनचे सफरचंद. हा शब्द डच आणि उत्तर जर्मन बंदरांतून बाल्टिक समुद्राच्या काठाने रशियापर्यंत गेला. नारंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आग्नेय युरोपात आणखी तिसरेच नाव. ग्रीक ‘पोर्तोकाली’, बल्गेरियन ‘पोर्तोकाल’, रोमानियन ‘पोर्तोकाला’, अल्बानियनमध्येही ‘पोर्तोकाल’. पुढे तुर्की ‘पोर्ताकाल’, अरबी ‘बुर्तुकाल’, फारसी ‘पोर्तेकाल’. म्हणजे ज्या फारसी आणि अरबी भाषांच्या खांद्यावरून ‘नारंज’ युरोपात शिरले, त्याच भाषांनी आज गोड फळाला पोर्तुगालचे नाव दिले आहे. आणि खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र ‘लरांझा’च म्हणतात.

एका बाणाच्या गोष्टीत यातले काहीच बसत नव्हते.

समोरचे पर्याय

संपादकांपुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे नकाशा पश्चिम युरोपापुरता कापायचा. मसुदा जवळजवळ जसाच्या तसा वापरता आला असता आणि अंक वेळेवर गेला असता. पण कापलेला नकाशा मुलाला चुकीचे सांगतो. त्याने उद्या ग्रीस किंवा नॉर्वे पाहिले तर आपण शिकवलेले खोटे ठरेल. माझा या वाटेला सरळ विरोध होता.

दुसरी, शब्द बदलून ‘चहा’ घ्यायचा. तिथे गणित सोपे आहे. जमिनीवरून आणि पोर्तुगीजांकडून ‘चा’ गेला, डचांनी चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरून ‘ते’ नेला, दोन रंगांत नकाशा होतो. पण तो नकाशा इतक्या ठिकाणी छापून आला आहे की सदराला नवे काही सांगता आले नसते, आणि चित्रकाराने संत्र्यांची चित्रे काढूनही ठेवली होती.

तिसरी वाट, देशाला नाव आणि नावाला रंग देऊन मोकळे व्हायचे. नारंग गट केशरी, चिनी सफरचंद हिरवे, पोर्तुगाल गट निळा. माहिती बरोबर राहिली असती, पण ती कोड्यासारखी वाटली असती. शेजारच्या देशांनी एकाच फळाला तीन नावे का दिली, हा प्रश्न प्रत्येक चौकस मुलाला पडणार आणि पानावर त्याचे उत्तर नाही.

चौथी वाट तेव्हा कुणाला स्पष्ट दिसत नव्हती. ती अथेन्सहून आली.

निर्णयाचे वळण

ग्रीसमध्ये राहणाऱ्या एका मराठी सहकारी बाईंना संपादकांनी उच्चार तपासायला विचारले होते. त्यांनी उच्चार तर कळवलाच, वर एक ओळ जोडली, ‘पोर्तोकाली म्हणजे खायचे. रस्त्याकडेला जी झाडे आहेत ती नेरांत्झीची, ते कडू असते, त्याचा मुरांबा घालतात.’

त्या एका ओळीने प्रकरणाची दिशा बदलली. ग्रीकमध्ये दोन्ही नावे जिवंत आहेत. ‘नेरांत्झी’ हे जुने नारंज, कडू फळाचे. ‘पोर्तोकाली’ हे नवे, गोड फळाचे. फारसीतही तसेच, ‘नारेंज’ कडू आणि ‘पोर्तेकाल’ गोड. जर्मनमध्ये कडू फळ ‘पोमेरांत्से’, रशियनमध्ये ‘पोमेरानेत्स’, आणि या दोन्हींच्या पोटात ‘अरांचा’ लपलेले आहे. म्हणजे आपण इतके दिवस एका फळाची तीन नावे शोधत होतो, आणि फळे मुळात दोन होती.

अरबांनी नेले ते कडू नारिंग. युरोपात ते सुगंधासाठी, औषधासाठी, मांसावर पिळायला वापरत. गोड फळ युरोपात पसरले ते पंधराव्या-सोळाव्या शतकात, त्यात पोर्तुगीज जहाजांचा वाटा मोठा, आणि उत्तम जात चीनकडून आली असा लौकिक होता. वनस्पतिशास्त्रातही हीच विभागणी नोंदली गेली. कडू नारिंग सिट्रस ऑरँटियम आणि गोड सिट्रस सायनेन्सिस, म्हणजे ‘चीनचे’.

हे कळल्यावर कोरा राहिलेला नकाशा बोलू लागला. नवे गोड फळ दारात आले तेव्हा लोकांनी तीनपैकी एक गोष्ट केली. ज्यांच्या अंगणात कडू नारिंग आधीपासून होते त्यांनी जुनेच नाव ताणून नव्यावर घातले. स्पेन, पोर्तुगाल, इटली, फ्रान्स ही अशी उदाहरणे, आणि इंग्लंडनेही फ्रान्सचीच री ओढली. उत्तरेकडे, थंडीमुळे ही झाडे बागेत वाढतच नव्हती, तिथे फळ कुठले म्हणून सांगितले गेले त्यावरून नाव पडले, चीन. आणि पूर्व भूमध्य समुद्राच्या काठी ते कुणी आणले त्यावरून नाव पडले, पोर्तुगाल. तिथे जुने नाव रिकामे नव्हते, ते कडू फळाला हवेच होते, म्हणून नव्याला नवे द्यावे लागले.

मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटली ती ही शेवटची बाब. जिथे दोन्ही फळे रोजच्या व्यवहारात राहिली तिथे दोन नावे राहिली.

आणखी तीन निर्णय

मुख्य चौकट ठरली तरी तीन गोष्टींवर बराच खल झाला.

पहिली ‘अ नॉरेंज’ची. ही गोष्ट मुलांना आवडते, सांगायला सोपी आहे, म्हणून संपादकांना ती सोडवत नव्हती. पण इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला तेव्हा ‘न’ आधीच गळलेला होता. तो गळला इटालियन-फ्रेंच पट्ट्यात, जिथे ‘एक’ या अर्थाचा ‘उना’ किंवा ‘यून’ आधीच ‘न’कारान्त वाजतो आणि पुढचा ‘न’ त्यात विरघळतो. फ्रेंचमध्ये सुरुवातीचा ‘अ’ जाऊन ‘ओ’ आला त्यात सोन्याचाही हात असावा, कारण फ्रेंचमध्ये ‘ओर’ म्हणजे सोने. इंग्रजीने हा खेळ केलाच नाही असे नाही. ‘नॅपरन’चे ‘एप्रन’ इंग्रजीतच झाले. म्हणून चौकट ठेवली, पण तिच्यातले मुख्य पात्र बदलून एप्रन केले, आणि ऑरेंजचा ‘न’ इंग्लिश खाडी ओलांडण्याआधीच हरवला होता असे लिहिले.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या ठिकाणाची. मसुद्याचा बाण संस्कृतपासून निघत होता. पण तमिळमध्ये ‘नारत्तै’, मलयाळममध्ये ‘नारङ्ङ’ असे शब्द आहेत आणि अभ्यासकांचा कल असा की संस्कृतनेच हा शब्द द्राविडी भाषांकडून घेतला. लेखकाचे म्हणणे होते की इतके मागे जायची गरज नाही, मुलांना संस्कृत ओळखीचे वाटते. मला हे पटले नाही. ओळखीचे आहे म्हणून तिथून सुरुवात करायची, तर मग उरलेला प्रवास तरी कशाला दाखवायचा? शेवटी बाण दक्षिण भारतातून काढला आणि संस्कृत हे पुढचे ठाणे म्हणून दाखवले. याच वेळी आणखी एक गंमत सापडली. लिंबूवर्गीय फळांचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे, आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनमधल्या युन्नानच्या पट्ट्यात मानले जाते. म्हणजे फळाचा जन्म ईशान्येला आणि नावाचा दक्षिणेला. नकाशावर दोन वेगवेगळे ठिपके आले.

तिसरी गोष्ट ‘सिंत्रा’ची, आणि इथे सर्वांत जास्त ताणले गेले. ‘नारंग दिले, संत्रे घेतले’ हे वाक्य गोड आहे. बटाटा, काजू, पेरू, अननस, पाव ही मंडळी पोर्तुगीजांकरवीच मराठीत आली, तेव्हा संत्रेही त्यांच्याच टोपलीतले असेल असे सहज वाटते. पण बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांची यादी दिली आहे, त्यात ‘नारंज’ आणि ‘संगतरा’ ही दोन फळे वेगवेगळी नोंदलेली आहेत. बाबर 1530 मध्ये वारला. पोर्तुगीजांनी गोवा घेतले 1510 मध्ये. एवढ्या थोड्या काळात पोर्तुगालमधल्या एका डोंगरी गावाचे नाव आग्र्याकडच्या बाजारात फळाचे नेहमीचे नाव म्हणून रुळले, असे मानणे फार ओढाताणीचे आहे. संपादकांना चौकट ‘असे म्हणतात’ जोडून ठेवायची होती. अखेर ठरले ते असे, की दोन्ही बाजू दोन वाक्यांत द्यायच्या, बाबराचे साल छापायचे आणि सिंत्राकडून येणारी रेघ तुटक काढायची.

काय केले

आधी जुन्या नकाशावर नव्याचा पारदर्शक कागद घालायची कल्पना होती, म्हणजे मुलाने पान उलटले की कडू युरोपावर गोड युरोप येईल. छपाईचा खर्च परवडेना. म्हणून डाव्या पानावर एक नकाशा आणि उजव्या पानावर दुसरा अशी मांडणी झाली. डावीकडे कडू नारिंगाचा प्रवास, उजवीकडे गोड फळाची तीन नावे.

रंगवताना काही देशांनी पुन्हा विचार करायला लावला. जर्मनीला एक रंग देता येईना, कारण उत्तरेत ‘आप्फेलझीने’ आणि दक्षिणेत ‘ओरांझ’ असा जुना फरक आहे, म्हणून तिथे पट्टे आले. पोलंडचे ‘पोमारांचा’ आणि झेकचे ‘पोमेरांच’ नारंग गटातच घातले, पण त्यांच्या पुढे जोडलेला ‘पोम’ म्हणजे इटालियनमधले फळ किंवा सफरचंद, ही टीप दिली. बार्सिलोनाकडच्या कॅटलन भाषेतले ‘तारोंझा’ दिसायला नारंगासारखे, पण ते आले अरबी ‘तुरुंज’पासून, म्हणजे महाळुंगाच्या नावावरून. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते ते महाळुंग. बार्सिलोनाच्या टिंबाजवळ एवढेच लिहिले, आणि मला ती ओळ अंकातली सर्वांत सुंदर ओळ वाटते.

नेदरलँड्ससाठी वेगळी चौकट करावी लागली. तिथे फळ ‘सिनासआपल’, पण रंग ‘ओरान्ये’ आणि राजघराणेही ‘ओरान्ये’. हे घराणे दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज नावाच्या संस्थानावरून ओळखले जाते. त्या गावाचे रोमन काळातले नाव अराउसिओ, आणि त्याचा फळाशी काडीचाही संबंध नाही. नासाऊ घराण्याच्या विल्यमकडे हे संस्थान 1544 मध्ये वारशाने आले. पुढे नावांच्या सारखेपणामुळे रंग घराण्याला चिकटला, तो आजही डच फुटबॉल संघाच्या अंगावर आहे. ही चौकट नसती तर मुलांनी जर्सीवरून फळाचा अंदाज बांधला असता.

एक प्रश्न मात्र फार उशिरा आला. मजकूर जुळवून झाल्यावर बागायतीचे अभ्यासक असलेल्या एका स्नेह्यांना पान दाखवले. त्यांनी शीर्षक पाहताच विचारले, “पण हे संत्रं कुठंय?” नागपूरचे संत्रे मँडरीनच्या जातीचे. साल सैल, फोडी सहज सुटणाऱ्या. युरोपात ज्याला ऑरेंज, अपेल्सीन किंवा पोर्तोकाली म्हणतात ते घट्ट सालीचे फळ आपल्या मोसंबीच्या जातीचे. म्हणजे शास्त्रदृष्ट्या शीर्षक ‘मोसंबीला युरोपात काय म्हणतात?’ असे हवे होते. तसे छापले असते तर पिवळसर-हिरवी मोसंबी डोळ्यांपुढे आणून मुले नकाशातल्या केशरी रंगाने गोंधळली असती. ‘संत्रे’ ठेवले असते तर चूक राहिली असती. म्हणून शीर्षकात ‘ऑरेंज’ असा सरळ शब्द घेतला आणि पानाच्या तळाला कडू नारिंग, मोसंबी आणि संत्रे यांची आडवी कापलेली चित्रे शेजारी शेजारी दिली.

परिणाम

अंक ठरल्या दिवसापेक्षा उशिरा निघाला, पण पान उभे राहिले. विदर्भातल्या एका शिक्षिकेने कळवले की त्यांनी मुलांना तिन्ही फळे आणायला सांगितली, कडू नारिंग कुणालाच मिळाले नाही, आणि ते आता का मिळत नाही यावरच तास गेला. इटलीतून एका वाचकाने नेपल्सच्या बोलीत संत्र्याला ‘पुर्तुआल्लो’ म्हणतात हे लिहिले. ही भर फार महत्त्वाची, कारण आम्ही इटली सरसकट ‘अरांचा’ म्हणून रंगवली होती, आणि पोर्तुगालच्या नावाची लाट दक्षिण इटलीच्या किनाऱ्यालाही लागली होती. पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापली. सिंत्राच्या तुटक रेघेवर मात्र काही पालक नाराज झाले, त्यांना जुनी गोष्टच हवी होती.

वेगळे काय करता आले असते

बागायतीचा जाणकार पहिल्या दिवशी हवा होता. त्याच्या एका प्रश्नाने शीर्षक बदलले, तो आधी आला असता तर कडू आणि गोड हा भेदही अथेन्सच्या पत्राची वाट न पाहता हाती लागला असता.

परदेशातल्या सहकाऱ्यांना विचारलेला प्रश्नही अपुरा होता. ‘तुमच्याकडे ऑरेंजला काय म्हणतात?’ असे विचारले की एकच शब्द परत येतो. ‘गोडाला काय, कडूला काय, आणि गावाकडच्या बोलीत काय?’ असे विचारायला हवे होते. शब्दकोशांवरही हाच आक्षेप घेता येतो. आजच्या प्रमाणभाषेतला एक शब्द घेऊन देश रंगवला की नेपल्ससारख्या जागा झाकल्या जातात.

देशांच्या सीमांऐवजी बंदरे आणि व्यापारी वाटा आधाराला घेतल्या असत्या तर उजवे पान अधिक बोलके झाले असते, असे मला अजून वाटते. ‘अपेल्सीन’ जमिनीवरून चालत गेले नाही, ते जहाजांतून बंदरोबंदर गेले. रंगीत देश हे सांगू शकत नाहीत.

सिंत्राबाबत मी आजही अधिक आग्रह धरीन. ‘दोन्ही बाजू’ दिल्याने दोन्ही सारख्याच वजनाच्या वाटतात, आणि त्या तशा नाहीत. बाबराची नोंद वर आणि सिंत्राचा तर्क खाली, असा क्रम लावायला हवा होता.

सदराचा पुढचा शब्द अननस आहे. दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेचा हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि युरोपच्या बहुतेक भाषांत आणि मराठीतही जवळजवळ तसाच आला. वेगळे पडतात ते इंग्रजी ‘पाइनॅपल’ आणि स्पॅनिश ‘पिन्या’. दोघांनीही पाइनच्या झाडाच्या शंकूवरून नाव दिले. या वेळी सहकाऱ्यांना पाठवायची प्रश्नावली आधी तयार झाली आहे आणि चित्रकाराने नकाशावर फक्त बंदरे काढून ठेवली आहेत.